हलकी गाडी आणि पितळी गणपती

यांची रिमोटवरची गाडी शर्यतीत धावली, तर पाच संकष्ट्या निर्जळी करीन, असा नवस मी बोलले होते. कापसाचा भाव पडलेला, यांची जिनिंग मिल बंद. त्यामुळे हे घरी बसून देशकार्य करत होते, गाडीचं वजन घटवायचं. स्क्रू कापले, पट्ट्यांना भोकं पाडली. मी आत चिमुकला पितळी गणपती चिकटवला, तर काढून माझ्या हातात दिला.

"देव कायले बसवून राह्यली? वजन वाढते ना."

नागपूरला शर्यतीआधी पंचांनी गाडी काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "नियमापेक्षा हलकी आहे. शर्यतीत उतरवता येणार नाही."

हे हळूच माझ्याकडे वळले. "गणपती आणला काय वं?"

पदराची गाठ सोडली आणि काढून दिला. वजन भरलं. गाडी शेवटून पहिली आली, पण धावली.

बायांनो, तुम्हीही नवस बोला. फक्त देव पितळेचाच घ्या.