लसणाची हवा

कुलरच्या डक्टचा विषय निघालाच आहे, तर आमच्या बाबाचं ऐका. सावली गावातल्या घराचं काम काढलं तेव्हा कुलर मागच्या भिंतीबाहेर बसवला, अन् शेजारच्या शकीलभाईनं पत्र्याचा डक्ट ठोकून बाबाच्या खोलीत हवा सोडली. बाबानं त्याच वर्षी माळ घालून मटण सोडलं होतं. पहिल्याच रविवारी कुलर लावला, अन् खोलीभर मटणाचा घमघमाट! कुलर हवा ओढत होता ती नेमकी शकीलभाईच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

आई भडकली. "यायच्या गळ्यात माळ आहे, आताच्या आता कुलर अन् डक्ट तिथून हालवा!"

शकीलभाई बिचारा छिन्नी-हातोडी घेऊन धावत आला. "भाऊ, गलती झाली. कुलर दुसऱ्या भिंतीकडं नेऊन डक्ट तिथून काढून देतो."

बाबा डक्टखाली खाट ओढून डोळे मिटून पडले होते. "काऊन काढतं? हवा चांगली येऊन राह्यली."

"पण भाऊ, वास..."

"कायचा वास? मले तं काई येत नाई."

शकीलभाई परत निघाला, तसे बाबा डोळे न उघडताच म्हणाले, "भाभीले सांगजो, आज लसूण जरासा कमी पडला."