प्रस्तावनेतच अडलेला आरएनए

...आणि म्हणे, "आजोबा, थोडक्यात सांगा!" थोडक्यात? तुम्हाला सांगतो मंडळी, जो विषय समजून घेण्यासाठी मी, कोणत्याही महाविद्यालयाची पायरी न चढता, केवळ स्वतःच्या चष्म्याच्या बळावर, ग्रंथालयातली तीन जाडजूड पुस्तकं प्रस्तावनेसकट, ऋणनिर्देशासकट वाचून काढली, तो विषय म्हणे थोडक्यात! अहो, आरंभ वगळून मी आजवर खोकल्याच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा वाचलेला नाही! आणि या शल्यविशारद बाई, हुशार आहेत, नाही असं मी म्हणत नाही, पण एक हात दाराच्या मुठीवर ठेवून उभ्या! असंकेतक आरएनए हा काय दाराच्या मुठीवर हात ठेवून ऐकायचा विषय आहे? मला मूळ मुद्द्यावर येऊच दिलं नाही!

प्रकरण असं. आमच्या सौभाग्यवतींच्या मानेत, पुढच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ आली. सुईने नमुना काढला, तपासायला धाडला, आणि उत्तर काय आलं? "संशयास्पद"! हे काय उत्तर झालं? कर्करोग आहे म्हणा, नाही म्हणा... पण नाही, गाठ काढून तपासल्याखेरीज सांगता येत नाही म्हणे. झालं! घरात प्रत्येकाला काम मिळालं. मुलीने रजा काढली, जावयाने गाडी काढली, शेजारणीने डबा पोचवायचं अंगावर घेतलं. आणि मला? "बाबा, तुम्ही फक्त शांत बसा." शांत बसणं हे काय काम आहे? निदान शत्रू कोण ते तरी कळावं, म्हणून मी वाचायला बसलो.

आणि जे कळलं ते एकट्याने पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "हे बघ, पेशीत पाककृतींचा एक ग्रंथ असतो. तो बाहेर न्यायला सक्त मनाई. म्हणून एकेका कृतीची नक्कल करून ती स्वयंपाकघरात धाडतात. ही नक्कल म्हणजे आरएनए, आणि तीवरून जे शिजतं ते प्रथिन. परंतु गंमत अशी, की असंख्य आरएनए असे आहेत, ज्यांच्यावरून काही म्हणता काही शिजत नाही! हे असंकेतक. ग्रंथातल्या ज्या मजकुरातून ते उगम पावतात, त्यातल्या बहुतेकाला विद्वानांनी कित्येक वर्षं अडगळ ठरवलं होतं. आणि हे करतात काय? ओट्यापाशी उभे राहून नुसत्या सूचना देतात! 'पुरे आता', 'शेगडी बंद करा', 'ही नक्कल फाडून टाका'..."

"म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. मान वर न करता!

"मी?"

"शिजवायचं काही नाही, ओट्यापाशी उभं राहून नुसत्या सूचना!"

मुलीला हसता हसता ठसका लागला. अपमान होता, मंडळी. परंतु शास्त्रीयदृष्ट्या अचूक अपमान होता! मी तो गिळला आणि म्हटलं, "अगं, तेच तर! असा 'पुरे' म्हणणारा गप्प झाला, की पेशींना धरबंध उरत नाही, त्या वाढतच सुटतात. आणि काही लांबलचक आरएनए तर उलटे चिथावणी देतात, 'हं, वाढा, पसरा'..."

"लांबलचक? मग तेही तुम्हीच. घ्या, शेंगा सोला."

मला मूळ मुद्द्यावर येऊच दिलं नाही!

मग बाईंच्या तपासणीच्या खोलीत. बाईंनी सौभाग्यवतींना विचारलं, "त्रास कधीपासून होतोय?" मी म्हटलं, "सुरुवातीपासून सांगतो. पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक..." बाई म्हणाल्या, "आजोबा, त्यांना गिळताना अडकतं का?" मी म्हटलं, "तिकडेच येतोय!" मुलीने दंडाला चिमटा काढला, "बाबा!" आणि बाई उठल्या, तेच ते, मुठीवर हात, "थोडक्यात सांगा"... मी सगळं धैर्य एकवटून विचारलं, "गाठीतले नेमके कोणते आरएनए गप्प झाले आहेत, हे आपण पाहणार आहात काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे हो. म्हणाल्या, "आजोबा, मी गाठ काढणार."

तीन पुस्तकं एकीकडे आणि हे एवढंसं वाक्य एकीकडे!

काढली. व्यवस्थित काढली. गाठ प्रयोगशाळेत गेली, निकाल यायचा आहे. घरी पाठवताना बाई म्हणाल्या, "आजी, आवाज बसलाय तुमचा, थोडे दिवस कमी बोला." आणि तुम्हाला सांगतो, माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? आता मध्येच तोडणारं कोणी नाही! माणूस किती क्षुद्र असू शकतो बघा...

एके दिवशी दुपारी मुलगी औषधं आणायला गेलेली. ही उशीला टेकून, मानेला पट्टी. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला, आणि पेशीपासून प्रारंभ केला. एरवी दुसऱ्या वाक्याला हिचा डोळा लागतो. त्या दिवशी लागला नाही. छताकडे टक्क बघत होती. मग माझी बाही धरली आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "अहो... ते 'पसरा' म्हणणारे. गाठ काढली, तरी ते मागे राहतात का हो?"

मंडळी! मूळ मुद्दा! उभ्या संसारात पहिल्यांदा कोणी मला मूळ मुद्दा विचारला! आणि उत्तर? एक पुस्तक म्हणतं, राहू शकतात. दुसरं म्हणतं, नेहमीच नाही. तिसरं म्हणतं, अधिक संशोधनाची आवश्यकता आहे. आणि माझी बाही तिच्या मुठीत.

मी चष्मा पुसला. स्वच्छच होता; पुन्हा पुसला. म्हटलं, "तिकडेच येतोय. पण आधी प्रस्तावना."

ती म्हणाली, "सावकाश सांगा. घाई नाही."

तेव्हापासून रोज दुपारी हा कार्यक्रम. पेशी, ग्रंथ, नक्कल, ओटा... 'पुरे आता' इथपर्यंत आलो, की पुन्हा पेशीपासून. ती ऐकते. एका शब्दाने तोडत नाही. आणि तुम्हाला सांगतो, हल्ली मूळ मुद्द्यावर मीच येत नाही.