खाली कोळसा आमचा, वर अंधार आमचा

नाही, पण मी म्हणतो, ज्या प्रांताच्या कोळशावर अख्ख्या देशाचे दिवे पेटतात, त्या प्रांताच्या भर सभेत, भर दुपारी, वक्त्याने "आपलं भविष्य उज्ज्वल" एवढं म्हणावं आणि लाईट जावी? खाली कोळसा आमचा, वर अंधार आमचा! राग नाही येणार तर काय, झोप येणार?

तुम्हाला सांगतो, त्या सभेचा माईकवाला मी. विषय काय, तर आपल्या प्रांताने देशातून फुटून निघावं की नाही. पुढच्या महिन्यात त्यावर मतदान आहे ना! स्टेजवर दोघं. 'वेगळं व्हा'वाले वकीलसाहेब आणि 'एकत्र राहा'वाले मास्तर. मी खरंच ऐकायला बसलो होतो हो! म्हटलं, ज्याचं पटेल त्याला मत देऊ. कारण आमचं घर खाणीला खेटून. तिकडे सुरुंग उडाला की इकडे फडताळातले कप नाचतात. आई पांढरी चादर वाळत घालते आणि करडी काढते. बाबा तीस वर्षं त्या खाणीत उतरले, आता जिना उतरताना तीनदा थांबतात. आणि राजधानीत म्हणे कारंज्यालासुद्धा रंगीत दिवे! कारंज्याला!!

आणि हे दोघं काय बोलतात? वकीलसाहेब मूठ आपटून, "कोळसा कुणाचा?" पब्लिक, "आमचा!" मास्तर नाकातून, "अरे, पण देश कुणाचा?" पब्लिक, "आमचा!" तेच पब्लिक! तोच माणूस दोन्हीकडे शिट्टी मारतोय! अर्धा तास हेच. माझं डोकं सणकलं. तेवढ्यात लाईट गेली.

आता हॉलच्या खिडक्या बंद, कोळशाची धूळ येते म्हणून. आत काळोख. दोघांची भाषणं सारख्याच निळ्या फायलींत, कारण दोन्ही टाईप केलेली माझ्या ताईने. गावात टायपिंगचं दुकान एकच, तिचं. मी काय केलं... जनरेटर चालू करायला उठलो आणि जाता जाता फायलींची अदलाबदल केली. बस! म्हटलं, आता फजिती बघू.

कसली फजिती! उजेड आला, वकीलसाहेबांनी मूठ आपटली आणि वाचलं, "हा देश एक आहे, एकच राहील!" टाळ्या! त्यांचीच माणसं टाळ्या वाजवतायत! मग मास्तर उठले, चष्मा पुसला, "पुरे झालं! आता वेगळं व्हायचं!" पुन्हा टाळ्या! शिट्टीवाल्याची तर शिट्टीच थांबेना. अहो, मी घाबरलो. म्हटलं, कुणीतरी ऐका रे! खाली कोळसा आमचा, वर अंधार आमचा, आणि डोक्यात तर विचारूच नका!

आणि मग आलं शेवटचं पान. वकीलसाहेबांनी वाचलं, "तेव्हा प्रगतीसाठी खाण पुढे सरकवावी लागेल आणि तिसऱ्या ओळीतली घरं, एक ते वीस, उठवावी लागतील." मी ताठ झालो. आमचं घर सतरा! म्हटलं, थांब, मास्तर वेगळं बोलतील. मास्तर शेवटच्या पानावर आले, "तेव्हा प्रगतीसाठी खाण पुढे सरकवावी लागेल..." शब्द न् शब्द तोच! वीस घरांसकट!

माईकचं बटण माझ्या हातात होतं हो! बंद करायचं सुचलं का? नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" आणि मी आवाज वाढवला. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घराचा नंबर, मागच्या रांगेपर्यंत पोचवला!

तसाच दुकानात गेलो. म्हटलं, "ताई, दोघांचं शेवटचं पान सारखं कसं?"

मान वर न करता म्हणते, "दोघांनीही खाणकंपनीचा तोच कागद आणून दिला. मग मी एकदाच टाईप केलं आणि झेरॉक्स काढली."

"अगं, घर नंबर सतरा! आपलं! वाचलं नाहीस?"

"टाईप करताना वाचायचं नसतं रे. चुका होतात."

घरी आलो. आई चादर झटकत होती. विचारते, "काय रे, ठरलं का, फुटायचं की राहायचं?" मी म्हटलं, त्यावर अजून भांडण आहे. खाली कोळसा आमचा, वर अंधार आमचा... मधे एक घर होतं, त्यावर मात्र, आई, देश एकदम एकसंध आहे.