माझी चौकशी मीच केली

...आणि म्हणे, "खुर्ची यंत्रावर केलेली दिसते"! यंत्रावर! तुम्हाला सांगतो, आठ महिने, आठ महिने मी त्या खुर्चीपायी हात सोलून घेतले, अंगठ्याचं नख दोनदा गेलं, आणि हा कोण टिकोजीराव मला सांगणार? नाव काय, तर 'टोकदार'. फोटोच्या जागी एक करवत. बस्स. ना नाव, ना गाव!

तुम्ही म्हणाल, कशाला मनावर घ्यायचं? बायकोही तेच म्हणाली, "अहो, फोनमधलं भांडण फोनमध्ये ठेवा, ताटावर नको." पण मी दिवसभर काय करतो, माहितीये? ड्रॉवर! कारखान्यात, स्वयंपाकघराचे ड्रॉवर, आठवड्याला चाळीस, सगळे एकसारखे, आणि एकालाही आजवर कुणी 'वा' म्हटलेलं नाही. माणूस ड्रॉवर उघडतो, चमचा घेतो, ढकलून देतो, संपलं! ही खुर्ची मात्र माझी होती हो. आईचे गुडघे गेलेत, बसली की उठवत नाही, म्हणून बैठक चार बोटं उंच घेतली, हात पुढे आणले, म्हणजे मुठीत धरून तिचं तिला उठता येईल. खिळा नाही, स्क्रू नाही. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याची जीभ त्यात ठोकून बसवायची. आई बसली, उठली, परत बसली, परत उठली, सात वेळा, लहान मुलीसारखी! मला रडू आलं, खोटं कशाला बोलू... आणि मग मी फोटो टाकला. लाकूडकामाच्या ग्रुपवर. साडेचार हजार सुतार! म्हटलं, एक तरी जाणता माणूस 'वा' म्हणेल.

पहिलंच उत्तर टोकदारचं. "हात विनाकारण पुढे आलेत. बेढब. शिवाय इतके घट्ट सांधे हाताने होत नाहीत. शुद्ध फसवणूक." आता बघा हं, सांधा ढिला असता तर म्हणाला असता ढिला आहे, घट्ट आहे म्हणून मी चोर! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! लगेच मागून आणखी चौघे, "मलाही शंका होतीच." होतीच? अरे, फोटो टाकून तीन मिनिटं झाली होती, शंकेला यायला वेळ तरी द्या! आणि ग्रुपचा नियम असा, की पाच तक्रारी झाल्या की चौकशी, चौकशीत दोषी ठरलात की बाहेर. म्हणजे खुर्ची खोटी, मी खोटा, आणि ज्या साडेचार हजारांना सांधा म्हणजे काय ते कळतं, त्यांच्यात मला तोंड दाखवायला जागा नाही!

मग मी काय केलं... हसू नका हं. मी दुसरं खातं उघडलं. 'शांत रंधा'. हो, हो, ना नाव, ना गाव, माहितीये मला! पण काट्याने काटा काढायचा असतो. लिहिलं, "खुर्ची उत्तम आहे." लगेच एक जण, "तुम्ही त्यांचे मेव्हणे का?" म्हणजे नुसतं कौतुक केलं तर संशय! मग मन घट्ट करून खाली जोडलं, "पाठ मात्र जरा जास्तच सरळ झाली आहे." आणि काय सांगू तुम्हाला! "किती निःपक्षपाती!" "अशी माणसं हवीत ग्रुपमध्ये!" दोनशे लाल बदाम! माझ्या आठ महिन्यांना अकरा, आणि माझीच मी खोड काढली तर दोनशे!

मग काय, चटकच लागली. जेवणाच्या सुट्टीत भुशावर बसून रंधा लोकांच्या स्टुलांना, कपाटांना सल्ले देऊ लागला. मी बोललो की भांडण, रंधा बोलला की "धन्यवाद, गुरुजी!" शेवटी ग्रुप चालवणाऱ्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, लिहितातसुद्धा छडी हातात असल्यासारख्या, त्यांनी जाहीर केलं: "खुर्चीप्रकरणाची चौकशी श्री. शांत रंधा करतील. प्रत्यक्ष जावे, समोर सांधा करून घ्यावा, अहवाल द्यावा. गडबड नको."

आता? प्रत्यक्ष जाणार कुठे, मी तिथेच होतो! पण म्हटलं, अहवाल खोटा द्यायचा नाही. रविवारी सकाळी पटाशी घेतली आणि माझ्यासमोर सांधा करायला बसलो. बायको आली.

"हे काय चाललंय?"

"चौकशी."

"कोण करतंय?"

"मी."

"कुणाची?"

"माझी."

"मग चहा दोघांचा टाकू का?"

अहवाल लिहिला, "मी स्वतः पाहिलं. सांधा यांच्याच हातचा आहे. माणूस बडबड्या आहे, पण प्रामाणिक." तुम्हाला सांगतो, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं! सुटलो! निर्दोष! साडेचार हजारांसमोर! मी भुशात नाचलो हो, अक्षरशः नाचलो... आणि मग खालची उत्तरं वाचली. "बडबड्या आहे हे अगदी खरं." "पटलं." "शंभर टक्के." तीनशे बदाम.

संध्याकाळी रंध्याला खाजगी निरोप. कुणाचा? टोकदारचा! "रंधासाहेब, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही, म्हणून सांगतो. माझ्या वडिलांनाही उठवत नाही. तीन महिने झाले, खुर्ची करतोय, डुगडुगतेच. त्या माणसाचा फोटो पाहिला आणि इतका जळफळाट झाला की लिहून बसलो. आता माफी मागायला तोंड नाही. तुम्ही ओळखता ना त्यांना? माझ्यातर्फे सांगाल?"

राग कुठल्या कुठे गेला हो... सांगितलं की! मी मला सांगितलं. पण लगेच माफ नाही केलं हं, दोन दिवस ताणून धरलं, आपलाही काही मान आहे की नाही? मग कळवलं, "म्हणाले, ठीक आहे." आणि पुढचा दीड महिना रंध्याने त्याला शिकवलं, आधी खाच, मग जीभ, लाकूड सुकू दे, घाई करू नको, आणि बाबा रे, हात पुढे आण, पुढे! काल त्याने फोटो टाकला. वडील खुर्चीतून उठतायत, आपले आपण, कुणाचा आधार नाही. खुर्ची हुबेहूब माझी! नऊशे बदाम! वर लिहिलेलं, "सगळं श्रेय रंधा गुरुजींना." आणि माझं? शोधलं मी, वरून खाली, खालून वर. ना नाव, ना गाव!

तरी इतका आनंद झाला, इतका, की फोन घेऊन धावत आईकडे गेलो. ती खुर्चीत बसलेली, माझ्याच. चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्याला म्हणतात हात! कोण रे ह्याचा गुरू? तू पण जात जा की त्याच्याकडे शिकायला."

म्हटलं, "जातो, आई. उद्यापासून जातो."