चिठ्ठीची एकच बाजू

(दोघी फरशीवर बसल्या आहेत. मध्ये बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत चिठ्ठ्या.)

आत्या: एकोणसत्तर साल ते. सत्तर नव्हे. सत्तरमध्ये तुझा बाप परीक्षा देऊन परत आला, तोवर सगळं संपलं होतं.

भाची: पण आत्या, या ग्रीक शब्दांच्या चिठ्ठ्यांवर अक्षर तर तुझं आहे. ग्रीक तर आजोबा शिकवायचे. तू टपालात होतीस ना?

आत्या: टपालात होते म्हणून काय झालं? दिवसाला तीन हजार पत्रं खणांत लावायचे मी. पत्ता बघायचा, हात चालवायचा. हात तेव्हा विजेसारखा चालायचा, आता सुई ओवता येत नाही.

भाची: म्हणजे आजोबांनी तुलाही शिकवलं?

आत्या: मला? छे! बारा वर्षांची असताना हट्ट धरला होता. अण्णा म्हणाले, "तुला काय करायचंय त्याचं? जा, आईला मदत कर." तुझ्या बापाला मात्र कान धरून बसवायचे.

भाची: मग हे काय?

आत्या: अण्णांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पाणी म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. आठव्या दिवशी सकाळी एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "हुदोर."

भाची: काय?

आत्या: मलाही तेच! मी उशी आणली, खिडकी उघडली, चष्मा दिला. रडायला लागले गं, चिडून. शेवटी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. ग्रंथपाल होता तो. त्यानं ऐकलं नि म्हणाला, "सर पाणी मागतायत." चाळीस वर्षं एकच महाकाव्य शिकवलं, तर त्यातले शब्द तेवढे डोक्यात शाबूत राहिले होते. बाकी सगळं धुऊन गेलं.

भाची: पण त्या काव्यात तर नुसत्या लढाया. आजारी माणसाचं त्यात कसं भागणार?

आत्या: भागवायचे. पांघरूण हवं असलं की "ख्लाइना", म्हणजे योद्धे अंगावर घेतात तो झगा. लघवीचं भांडं हवं असलं की काय म्हणायचे सांगू? "क्रेतेर."

भाची: ते काय असतं?

आत्या: राजेलोक मेजवानीत मद्य कालवायचे, ते मोठं पात्र! ग्रंथपालानं अर्थ सांगितला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा हसले असेन मी.

भाची: बाबांना बोलवायचं ना. त्यांना येत होतं की ग्रीक.

आत्या: ग्रीक येत होतं, घरी येता येत नव्हतं. परीक्षा तोंडावर, दोन दिवसांचा प्रवास. मी दोष देत नाही. म्हणजे आता देत नाही.

भाची: म्हणून तू शिकलीस.

आत्या: दुसरं होतं कोण? ग्रंथपालानं यादी करून दिली. जो शब्द काव्यात जास्त वेळा येतो, तो आधी. रोज बारा. पुढच्या बाजूला ग्रीक शब्द आपल्या लिपीत, मागे अर्थ. कामावर जेवणाच्या सुट्टीत पत्रांसारख्याच लावायचे. पुढची बाजू वाचायची, अर्थ आठवला, की ती चिठ्ठी बाजूला. दोन महिन्यांत सातशे.

भाची: सातशे! मला फोन नंबर पाठ होत नाही.

आत्या: ढाल, भाला, वल्हं, सगळं कळायला लागलं. अण्णा बोलायचे, मी उठून हवं ते आणून द्यायचे. "नेउस, नेउस" म्हणत दाराकडे बघायचे. नेउस म्हणजे जहाज. मला वाटतं, तुझ्या बापाची वाट बघत होते. आणि एका सकाळी माझ्याकडे बघून म्हणाले, "तिस?"

भाची: म्हणजे?

आत्या: कोण? तू कोण?

भाची: तुला ओळखलं नाही?

आत्या: कामाला ठेवलेली बाई वाटले असेन. मी म्हटलं, "अण्णा, मी तुमची मुलगी." पुन्हा आपलं "तिस?" आपली भाषा तोवर कळेनाशीही झाली होती त्यांना. म्हटलं, त्यांच्याच भाषेत सांगू. तोंड उघडलं, तर शब्दच नाही.

भाची: सातशे पाठ होते ना?

आत्या: ऐकले की कळायचे. एकाच बाजूनं पाठ केलेले ना! टपालातली खोड. पाकीट उलटं करून कोण बघतं? त्यांनी मागायचं, मी द्यायचं, एवढंच डोक्यात. मलाही त्यांना काही सांगावं लागेल, हे सुचलंच नाही.

भाची: मग?

आत्या: हाच डबा उपडा केला. एकेक चिठ्ठी उलटून 'मुलगी' शोधत बसले. तिकडे "तिस, तिस" चालूच. चारशे बारावी निघाली. तोवर त्यांना झोप लागली होती.

भाची: उठल्यावर सांगितलंस?

आत्या: समोर बसले, छातीवर हात ठेवला नि म्हटलं, "थुगातेर." त्यांच्या कपाळाला आठी पडली. डाव्या हाताचं बोट वर केलं आणि म्हणाले, "थुगातेऽर." शेवट लांबवून. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा बोट वर. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा मान हलवली आणि उशीला टेकले.

भाची: म्हणजे कळलं त्यांना!

आत्या: उच्चार बरोबर आला, हे कळलं.

भाची: आत्या...

आत्या: डोळे पूस बघू आधी, चिठ्ठ्या भिजतील. अण्णांनी मला शिकवलेला तो एकच शब्द. पाचव्या दिवशी गेले.

भाची: आणि तो ग्रंथपाल?

आत्या: दरवर्षी त्या तारखेला पत्र टाकायचा. पुढे त्याची नजर गेली, मग बायकोच्या अक्षरात यायचं. अठ्ठ्याऐंशीपासून तेही थांबलं. तुझ्या बापानं ग्रीक सोडलं, विमा कंपनीत लागला, तिथूनच निवृत्त झाला. तू ऐकलास कधी त्याच्या तोंडून एखादा शब्द?

भाची: जन्मात नाही. त्यांना हे ठाऊक होतं?

आत्या: मी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. आता तोही गेला.

भाची: आणि तू?

आत्या: मी काय, टपालातच. पंच्याण्णवला सुटले. पण अण्णा गेल्यावर सगळ्या चिठ्ठ्या उलट्या करून दुसऱ्या बाजूनं पाठ केल्या. आठ महिने लागले.

भाची: अगं, ते गेल्यावर कशासाठी?

आत्या: परत कुणी विचारलं, तर अडायला नको म्हणून. कुणी विचारलं नाही.