डाव्या हाताची कबुली

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आण्णांकडं शिकलेल्या पोरापोरींनो, आणि काकू,

आण्णांना जाऊन आठ दिवस झाले. माइक आता माझ्या हातात दिलाय. आत्तापर्यंत चौघांनी मला आण्णांचा पट्टशिष्य म्हटलं. चारी वेळा मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असंल, गडी नम्र हाय. नम्र न्हाय हो. लाज वाटत होती.

आण्णा पेटी दुरुस्त करायचे, हे सगळ्यांना ठाऊक हाय. पार गारगोटीपासून भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडं यायच्या. पण तरुणपणी पियानोची दुरुस्ती शिकायला ते गोव्यात एका म्हाताऱ्या वादकाकडं राहिले, आणि येताना रॅगटाइम आणि स्ट्राइड घेऊन आले. शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं पियानो वाजवणं, आणि ते आपल्या कोल्हापुरात, पेटीच्या दुकानातल्या जुन्या पियानोवर! मी गडमुडशिंगीहून बसनं शिकायला यायचो. पहिल्याच दिवशी आण्णा म्हणाले, डाव्या हातानं रस्ता धरायचा, उजव्यानं खोड्या करायच्या. रस्ता सुटला की नुसता दंगा.

डावा हात म्हणजे काय, सांगतो. खाली खर्जाचा एक सूर मारायचा आणि लगेच वर उडी घेऊन तीन-चार सूर एकदम. परत खाली, परत वर. न बघता. न थांबता. मी बघू नये म्हणून आण्णा डाव्या हातावर पंचा टाकायचे. दोन वर्षं नुसता डावा घासून घेतला माझ्याकडनं. आणि माझा उजवा झकास होता की! लोक त्यालाच वाहवा म्हणायचे. तिथंच मी बिघडलो.

गेल्या वर्षीचा माझा कार्यक्रम तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकला हाय. मी माझा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड नेलता. शेवटचं वाजवणं लई जलद होतं. घरी दहादा बसलो, दहादा डावा चुकला. मग मी काय केलं? डावा हात सावकाश वाजवून मशिनीत भरला, वेग वाढवला, आणि स्टेजवर बटण दाबलं. उजवा खरा. डावा पट्ट्यांवरनं नुसता फिरवला. व्हय, नुसता फिरवला. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेत आण्णा होते. तेही उभे राहिले. टाळ्या वाजवल्या न्हाईत. माणसाचा डावा हात शेवटाला थोडा दमतोच, आणि माझा दमला न्हवता. उभा जन्म ज्याचा सूर ऐकण्यात गेला, त्याला हे कळणार न्हाय व्हय?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. आण्णांनी चहा सांगितला. मग एवढंच विचारलं, "काल डावा कुठं होता रं?"

मी म्हटलं, "हितंच होता की, आण्णा."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि एका पेटीचा भाता चिकटवायला घेतला. मी चहा पिऊन निघालो, तो परत गेलोच न्हाय. सराव करून जाऊ, डावा जमला की जाऊ, असं म्हणत वर्ष घालवलं. सराव कुठला, जायला तोंडच न्हवतं.

परवा काकूंनी मला विचारलं, तुझं आणि ह्यांचं काय बिनसलं होतं रं? तेव्हा कळलं, आण्णांनी घरातसुद्धा सांगितलं न्हवतं. विचारंल त्याला म्हणायचे, पोरगं सरावात हाय, येईल. काकू, हे ऐकून मी तुमच्या दारातनं कसा बाहेर पडलो, माझं मला म्हायती.

आज मी वाजवावं म्हणून तुम्ही हा पियानो मांडलाय. मी वाजवणार न्हाय. आण्णांची शिकवणी तू चालव, असंही म्हणालात. ती मला देऊ नका. हुपरीची वैशालीताई मागं बसलीय, चांदीच्या पैंजणांचं काम सांभाळून आण्णांकडं शिकली. तिचा डावा खरा हाय. शिकवणी तिला द्या. ताई, पोरांच्या रांगेत मलाही बसव, पहिल्या धड्यापासून.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. त्याआधी आण्णांना एक उत्तर द्यायचं राहिलंय, ते तुमच्यासमोर देतो.

न्हवता, आण्णा. डावा हात न्हवता.