माप फुकट

—ताई नाहीत. तुम्हीही तेच विचारणार, वाटलंच मला. दारातून आत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी ‘ताई कुठायत’ म्हणतं आणि मग पडद्यांकडे बघतं. पडदे घ्यायला आलात ना? हे काय, भिंतभर लटकलेत. मी कोण? मी तिचा नवरा. सकाळी कॉलेजात मार्केटिंग शिकवतो, दुपारनंतर इथं — दुकान दोघांचं, पण शिस्त माझी.

खिडकीचं माप आणलंय? नाही. घरी येऊन घेणार का म्हणे. अहो, मागणी म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे, इच्छा आणि वर ऐपत — तेव्हा कुठे मागणी. आमच्या बाईसाहेबांच्या गिऱ्हाइकांकडे इच्छाच फार. ही टेप घेऊन त्यांच्या घरी जाणार, चहा पिणार, सुनेचं बाळंतपण ऐकत बसणार — आणि माप तरी धड? छे, दर वेळी बोटभर चुकणार. शिंपी डोक्याला हात लावायचा, मग ही खाली झालर जोडून द्यायची. आणि लोक खूश. झालरीवर खूश, बोला आता. मी तिला बसवून समजावलं, त्या वेळात दुसरं काय झालं असतं ते बघ, त्याला संधीची किंमत म्हणतात. ती म्हणाली, ‘बरं.’ बरं म्हणजे काय, कळलं होतं थोडंच? शेवटी मी दारावर पाटीच लावली, माप आपले आपण आणावे. तिनं ती वाचली, टेप पर्समध्ये टाकली आणि गेली.

कुठं म्हणजे? तो समोरचा गाळा दिसतोय ना, गर्दीचा — तिथं. राहते भावाकडे. वर्गात रोज घसा फोडून स्पर्धा शिकवतो मी, ती आता नाकासमोर येऊन बसलीय. म्हटलं, चालून चालून किती चालणार? बाजारात टिकायला काहीतरी वेगळेपण लागतं. हिच्याकडे काय, तर झालर. पाटीकडे काय बघताय? काढायचीय ती, शिडी मिळत नाहीये.

उठलात? जा, तिकडेच जा. तुम्हाला तेच झेपायचं. …थांबा. जाताच आहात तर एक निरोप द्या. म्हणावं, एका घरी हॉलचा पडदा आखूड झालाय, सकाळी खालून ऊन येतं, माप तुम्हीच घेतलेलं — झालर लावायची राहिली. येऊन परत माप घ्यावं लागेल. पत्ता नाही विचारायची ती. मी सांगितलं म्हणू नका. आणि ते दार ओढून घेऊ नका हो, असू दे उघडं. जा आता.